शिकायला जायचे, पण राहायचे कुठे?

जून महिना उजाडला, पहिला पाऊस पडला, की आपल्या खेड्यांत दोन कामांची एकदमच घाई होते. एक पेरणीची आणि दुसरी शाळा-कॉलेजांची. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी नुकती बारावी झालेली असते, त्या घरात रात्री दिवा मालवल्यावरही बोलणे चालूच असते. कुठल्या कॉलेजात नाव घालायचे, कुठली शाखा घ्यायची, हे मास्तरांच्या सल्ल्याने ठरते. फी किती, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पण सर्वांत अवघड प्रश्न असतो तो आईचा. "पोरगं राहील कुठं? आणि जेवंल काय?"

वरवर पाहता हा घरगुती प्रश्न आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळत नाही. तिथे विद्यापीठे केव्हा निघाली, कायदे कोणी केले, याची नोंद असते. पण मला असे म्हणावयाचे आहे की, गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात कोण शिकले आणि कोण मागे राहिले, याचा निकाल परीक्षेच्या पेपरांनी जितका लावला, तितकाच या प्रश्नानेही लावला. कॉलेजचा दरवाजा उघडा असून भागत नाही. त्या गावात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली, तरच त्या दरवाजातून आत जाता येते. म्हणून आज आपण पुणे, कोल्हापूर आणि सातारा या तीन विद्यानगरांकडे याच एका बाजूने पाहू.

आधी पुणे घेऊ. १८१८ साली पेशवाई गेली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. त्या दक्षिणेच्या पैशातील काही भाग शिक्षणाकडे वळवून इंग्रज सरकारने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे तिच्यात इंग्रजी शिक्षण आले, १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले, आणि १८६४ पासून ते डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. मधल्या काळात, १८५४ मध्ये, इंजिनीअरिंगचे शिक्षण सुरू झाले होते. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि बरोबर पाच वर्षांनी, २ जानेवारी १८८५ रोजी, फर्ग्युसन कॉलेज. १९१६ मध्ये आणखी एक कॉलेज निघाले, तेच पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज झाले. अशा रीतीने शंभर वर्षांच्या आत पेशव्यांची राजधानी ही विद्यार्थ्यांची राजधानी बनली.

आता या गावी मुले येत कशी? आज आपण एस. टी. त बसतो आणि उतरतो. त्या काळी अंतर पायांनी मोजावे लागे. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८७५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा कोकणातल्या मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. वाट सुमारे एकशे दहा मैलांची, मध्ये सह्याद्रीचा घाट. चार दिवस चालून तो साताऱ्यास पोहोचला, आणि तिथल्या साहेबांनी त्याचे वय कमी दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही! आल्या पावली परत. पण हाच मुलगा पुढे महर्षी कर्वे झाला.

दुसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. वडील वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवीत. म्हणजे बघा, कमावणाऱ्याच्या घरात सात रुपये आणि शिकणाऱ्याला आठ! कोल्हापूर, पुणे, मुंबई असे करत गोखले १८८४ मध्ये बी. ए. झाले. देशाच्या अर्थसंकल्पावर सरकारला धारेवर धरणाऱ्या या पुरुषाने पैशाचा पहिला हिशेब त्या आठ रुपयांवर केला असेल, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण ज्यांना आठ रुपये पाठविणारा भाऊही नव्हता, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी पुण्यात दोन वाटा होत्या. एक वार लावून जेवण्याची आणि दुसरी माधुकरीची. आजच्या मुलांना हे शब्दही ठाऊक नसतील, म्हणून सांगतो. वार लावणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घ्यायचे. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, असे. माधुकरी म्हणजे दुपारच्या वेळी ठरलेल्या घरांपुढे उभे राहून शिजवलेले अन्न मागायचे, आणि जे झोळीत पडेल ते आणून खायचे. भात, भाजी, आमटी सगळे एकात एक. एखाद्या घरचा वार अचानक बंद झाला, की त्या दिवशी उपास ठरलेला. अशी मुले देवळाच्या ओवरीत, कुणाच्या वाड्याच्या माडीवर, नाहीतर जिन्याखालच्या खोलीत राहत आणि पणतीच्या उजेडात वाचत.

या चालीत एक चांगुलपणा होता, तो मान्य केला पाहिजे. शिकणाऱ्या परक्या मुलाला घास घालणे हे आपले काम आहे असे गाव समजत होते. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह ही संस्था निघाली, ती याच जाणिवेतून. गरीब मुलांना तिने एका छपराखाली आणले. आज ती पुणे विद्यार्थी गृह या नावाने चालते.

पण श्रोतेहो, या चालीला दुसरी बाजूही होती. वारावर जेवणाऱ्या मुलाला मिंधेपणा सोसावा लागे, ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की, ही सोय एकाच समाजाच्या मुलांपुरती होती. माधुकरी मागायची ती ब्राह्मणाच्या मुलाने, आणि वार लागायचा तोही त्यालाच. कुणब्याचा, माळ्याचा, धनगराचा मुलगा सदाशिव पेठेत कुणाच्या पंक्तीला बसणार? आणि महार-मांगांच्या मुलाला तर वाड्याच्या चौकातही पाऊल टाकता येत नव्हते. कॉलेजच्या नियमांत कुठेही 'अमक्याने येऊ नये' असे लिहिले नव्हते. तसे लिहिण्याची गरजच नव्हती! जेवणाच्या पानाने ते काम परस्पर केले होते. खेड्यापाड्यांतली हुशार मुले कॉलेजपर्यंत का पोहोचत नव्हती, याचे एक मोठे उत्तर इथे सापडते.

हे ज्यांनी नेमके ओळखले, ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० पासून होते, १८९१ मध्ये रेल्वेही आली होती. मग अडचण कसली? अडचण मुक्कामाची. महाराजांनी १८९६ च्या सुमारास सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. पण प्रत्यक्षात त्याचा लाभ बहुतांशी ब्राह्मण मुलांनाच झाला. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुसलमान मुलांची सोय झाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, असे करता करता एकट्या कोल्हापुरात विसाहून अधिक वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी कुणाला जागा दिली, कुणाला इमारत, कुणाला उत्पन्न तोडून दिले. बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलावा, अशी ही रीत होती. आजही दसरा चौकाच्या आसपास फिरून आलात, तर या बोर्डिंगांच्या इमारती तुम्हांस दिसतील.

इथे एक तारीख मुद्दाम ध्यानात ठेवा. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. तो हुकूम प्रसिद्धच आहे. पण पहिली बोर्डिंगे त्याच्या आधीच्या वर्षीची, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे आधी मुक्कामाची जागा आणि मग कचेरीतली जागा. मुलगा शिकलाच नाही, तर राखून ठेवलेल्या खुर्चीत बसणार कोण, हा व्यवहार महाराजांना पुरता कळत होता.

कोणी म्हणेल, जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जात पक्की नाही का केली? शंका रास्त आहे. पण त्या काळी एका पंक्तीत बसायला मुलांचे आईबापच तयार नव्हते. पंक्ती मोडण्याची वाट पाहात बसावे, तर मुलांची एक पिढी निघून जाते. महाराजांनी आधी मुले गावात आणली. पुढचे काम त्या मुलांतूनच कोणीतरी करील, असा जणू त्यांचा विश्वास असावा.

आणि तसेच घडले! कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा राहात होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर, अस्पृश्यांत मिसळलास म्हणून अंघोळ कर, असे त्याला फर्मावण्यात आले. मुलाने साफ नकार दिला. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा मुलगा म्हणजेच कर्मवीर भाऊराव पाटील. एका अंघोळीवरून ज्याचे छप्पर गेले, त्याने पुढे हजारो मुलांवर छप्पर घातले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊरावांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांनी एकच चूल ठेवली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरे एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. धान्य येई ते घरोघरच्या मूठमूठ दाण्यांतून. आणि जेव्हा कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या काळी एखाद्या सवाष्ण बाईने मंगळसूत्र मोडणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या आयाबहिणींना मी सांगायला नको.

भाऊरावांनी आणखी एक पाऊल टाकले. वारावरच्या जेवणात मिंधेपणा होता, राजाच्या देणगीतही उपकाराची भावना राहते. भाऊराव म्हणाले, मुलाने श्रम करावे आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे. जून १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. सकाळी तास, मग हातात कुदळ. मुलांनी खडी फोडली, शेते कसली, रस्ते केले. घरी नांगर धरलेल्या पोराला त्यात लाज वाटण्याचे कारणच नव्हते. आज पुणे विद्यापीठातही कर्मवीरांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते.

मुलींचे काय? त्यांना तर वारही नाही आणि माधुकरीही नाही. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि काम आटोपून चिखलवाटेने हिंगण्यास चालत जात. मुलींनी निर्धास्त राहावे, अशी जागा आधी. मग त्यातूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. इथेही क्रम तोच आहे.

आता एक प्रश्न उरतो. एवढा खटाटोप करून शहरात जायचे कशासाठी? पुस्तके तर गावातही वाचता येतात! याचे उत्तर असे की, विद्यानगरात शिक्षण फक्त वर्गात मिळत नाही. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्यात तिकिटाशिवाय, पदवीशिवाय, कुणीही जाऊन बसावे आणि मोठमोठ्यांचे विचार ऐकावेत. १८८१ पासून केसरी निघू लागला आणि वाड्यावाड्यांतून वाद झडू लागले. कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचा आखाडा तयार झाला, शेजारीच १९१५ मध्ये नाटकगृह उभे राहिले. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कुस्ती नाहीतर नाटक, रात्री बोर्डिंगच्या कट्ट्यावर गप्पा. खेड्यातला पोरगा तीन-चार वर्षांत माणूस म्हणून घडतो तो या सगळ्यातून.

पण आधी त्याला त्या गावात रुजावे लागते, आणि ते सोपे नसते. भाताचे रोप वाफ्यातून काढून खाचरात लावले, की पहिले काही दिवस ते मान टाकते. पिवळे पडते. शेतकरी घाबरत नाही. पाणी धरून ठेवतो, आणि मग रोप उभे राहते. शहरात गेलेल्या मुलाचे असेच होते. त्याच्या 'व्हय' आणि 'न्हाई'ला कोणी हसते. वर्गातले इंग्रजी डोक्यावरून जाते. मेसची पातळ आमटी घशाखाली उतरत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि दर वर्षी असे काही चेहरे मागच्या बाकांवर मला दिसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतले काही परत येत नाहीत. जे टिकतात, त्यांना बहुधा कोणीतरी धरून ठेवलेले असते. वसतिगृहातला एखादा वरच्या वर्गातला सोबती, एखादे शिक्षक, नाहीतर घरचा डबा.

डब्यावरून आठवले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. मग खेड्यांतल्या आयांनी या गाडीचा एक उपयोग शोधून काढला, जो कुठल्याही सरकारी कागदात लिहिलेला नव्हता. पहाटे भाकरी थापायच्या, कालवण भरायचे, फडक्यात डबा बांधून त्यावर नाव घालायचे आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या स्टँडवर मुलगा उभा असे. या डब्यावर महाराष्ट्रातले कितीतरी शिक्षक, डॉक्टर आणि अधिकारी तयार झाले. एका अर्थी हा वारच होता. मात्र आता तो स्वतःच्या घरचा होता आणि त्यात मिंधेपणा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हात दिला. १९४९ मध्ये पुण्यास आणि १९६२ मध्ये कोल्हापुरास विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असणाऱ्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, आणि कुणब्याच्या घरातून कॉलेजकडे जाणारी वाट रुंदावली. औरंगाबादेस १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने कॉलेज काढले. बाबासाहेबांनी त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. पुण्यात १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. फी माफ झाली तरी राहण्याजेवण्याचे काय, हा जुनाच प्रश्न ती आजही सोडवीत आहे.

आज सरकारी वसतिगृहे आहेत, तिथे जागा न मिळणाऱ्यांसाठी स्वाधारसारख्या योजना आहेत. तरीही पुण्याच्या पेठांतून चक्कर मारलीत, तर एका खोलीत सहा-सहा खाटा टाकून राहिलेली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी खेड्यांतली मुले दिसतील. ती खाटेचे भाडे भरतात आणि कित्येकदा एक वेळच्या जेवणावर दिवस काढतात. जातीने अडवलेली जागा आता पुष्कळ ठिकाणी पैसा अडवतो, एवढेच.

म्हणून शेवटी दोन शब्द व्यवहाराचे. पालकहो, प्रवेशाचा अर्ज भराल त्याच दिवशी वसतिगृहाचाही अर्ज भरा. जागा थोड्या असतात आणि मुदत लवकर संपते. मुलीला पाठवताना केवळ राहण्याच्या काळजीने पाय मागे घेऊ नका. जागा स्वतः जाऊन पाहा, तिथल्या बाईंशी बोला, आणि मग निश्चिंत व्हा. मुलाला सांगा, बोलीला हसले तर हसू दे, पण लायब्ररीचे कार्ड पहिल्या आठवड्यात काढ.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या शाळेत एक वही करा. जवळच्या तीन-चार शहरांतील वसतिगृहे, त्यांच्या अर्जाच्या तारखा, शिष्यवृत्त्या, आणि आपल्या गावचे जे विद्यार्थी तिथे आधी गेले आहेत त्यांची नावे तीत लिहून ठेवा. नवीन मुलगा निघाला, की त्याला जुन्या मुलाच्या हवाली करा. खर्च काही नाही, दोन-तीन दिवसांचे काम आहे. ज्या गावाला अधिक करावेसे वाटेल, त्याने सुगीच्या वेळी खळ्यावर प्रत्येकाकडून पायली-दोन पायली धान्य जमवून आपल्या बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांच्या जेवणाकडे लावावे. साताऱ्यात मूठमूठ दाण्यांवर एवढी मोठी संस्था उभी राहिली. तुमच्या गावच्या चार पोरांचे वर्ष त्यावर नक्कीच निघेल.